ओ द्यायला लागणारा वेळ

लॉरेनने टेबलावरची कुंडी बाजूला सरकवली, कॅमेऱ्याचा काळा ठिपका केतकीच्या डोळ्यांच्या रेषेत आणला आणि म्हणाली, "तू काही करायचं नाहीस. बोलायचंही नाही. बारा नावं ऐकू येतील, त्यातलं एक तुझं. दोन मिनिटांचं काम. मग चहा घेऊ."

केतकीला हसू आलं. सात वर्षं ती या केअर होममध्ये काम करत होती. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं मार्शबी हे एवढंसं गाव. तिथं समुद्राकडे तोंड करून बसलेली ही लांबट इमारत, आणि आत अठ्ठावीस थकली माणसं. त्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं, त्यांचं तेच ते बोलणं नव्यानं ऐकायचं. लॉरेन तिथली मॅनेजर. केतकी कोण आहे हे लॉरेनला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते यंत्राला.

आधी हे सगळं सोपं होतं. परदेशी कामगाराने सरकारी पोर्टलवर जाऊन एक कोड काढायचा. तो कोड आणि जन्मतारीख मालकाने भरली की पडद्यावर फोटो उघडायचा, खाली परवान्याची मुदत. फोटो समोरच्या चेहऱ्याशी ताडून बघायचा, पानाची प्रत जपून ठेवायची, संपलं. मग बनावट चेहरे आले. कुणीही कुणाचाही चेहरा लेवून कॅमेऱ्यापुढे बसू लागला, हसू लागला, मान वळवून दाखवू लागला. फोटोवरचा भरवसा उडाला.

तेव्हा कुणाला तरी एक जुनी गोष्ट आठवली. आपलं नाव कानावर पडलं की आपण विचार करायच्या आधी शरीर उत्तर देतं. भर बाजारात, शंभर आवाजांत, अगदी झोपेतसुद्धा. साधारण तीनशे मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवावी एवढ्या वेळात, मेंदूत एक लाट उठते. डॉक्टरांना ही लाट कधीपासून माहीत होती, पण ती मोजायला डोक्याला तारा लावाव्या लागायच्या. नव्या कॅमेऱ्याला तारा नकोत. डोळ्याची बाहुली केसभर रुंदावते, गालाखालचं रक्त जरासं दचकतं, तेवढं त्याला दिसतं. चेहरा उसना आणता येतो. दचकणं उसनं आणता येत नाही. म्हणून जानेवारीपासून नियम आला: परदेशी माणसाला कामावर ठेवताना, आणि पुढे दर सहा महिन्यांनी, मालकाने समोर बसून ही नावांची परीक्षा घ्यायची. साठच्या वर गुण पडले तर हिरवा. खाली आले तर पिवळा, आणि आठवड्याने पुन्हा परीक्षा. तीन वेळा पिवळा म्हणजे काम बंद आणि परवाना रद्द. केतकीच्या परवान्यावर तिचा नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी या देशात राहत होती. तिचा गेला की तिघांचाही जाणार.

आवाज सुरू झाला. सपाट, बाईचा, पण उच्चार मराठी. उरलेली अकरा नावं यंत्र कामगाराच्या जन्मजिल्ह्यातूनच वेचून आणायचं.

"शालन. वत्सला. केतकी. सिंधू. अंजिरा."

आपलं नाव येऊन गेलं, हे केतकीला कळलं. बरं वाटलं. आता उरलेली नावं ऐकत बसायचं.

"हिराबाई. नकुशा. लक्ष्मी."

तिच्या मानेवर गरम तव्याची वाफ यावी तसं काहीतरी आलं आणि गेलं. पुढची नावं तिला ऐकूच आली नाहीत.

लॉरेन पडद्याकडे बघत राहिली. मग तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "केतकी, चौदा," ती म्हणाली. "आणि हे दुसरं एक आहे, त्याला एक्याण्णव. नाकूशा. कोण आहे ही?"

"माहीत नाही," केतकी म्हणाली.

पडदा पिवळा झाला. तिचं 'माहीत नाही'सुद्धा त्याने टिपून घेतलं.

चहा झालाच नाही.

*

माहीत नाही कसं? सगळं माहीत होतं. या कामात तिने पहिली शिकलेली गोष्ट तीच होती. सात नंबरच्या खोलीतल्या मिसेस हेल कुणाच्याच हाकेला वळत नसत. डॉक्टर म्हणाले, ऐकू कमी येतं. केतकीला एका जुन्या फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेलं नाव सापडलं: डॉट. तिने दारातून नुसतं "डॉट" म्हटलं, आणि म्हातारीने मान अशी झटकन वळवली की जणू कुणी अंगणातून खेळायला बोलावलंय. तेव्हापासून केतकी प्रत्येकाचं पाळण्यातलं नाव शोधून काढायची. मोठेपणीची नावं झाडाच्या सालीसारखी गळून जातात, पाळण्यातलं नाव गाभ्याला चिकटून राहतं.

तिच्या गाभ्याला जे चिकटलं होतं ते तिला सोलून काढायचं होतं.

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, बोरांच्या आणि कुसळांच्या गावात, दोन मुलींच्या पाठीवर ती झाली. तिसरीही मुलगीच, म्हणून नाव ठेवलं नकुशा. नको असलेली. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. वर्गात तिच्याशिवाय आणखी दोन नकुशा होत्या. बाई हजेरी घेताना नकुशा एक, नकुशा दोन, नकुशा तीन म्हणायच्या. ती तीन नंबरची.

ती आठ वर्षांची असताना सरकारी साहेब आले, मांडव पडला, आणि गावोगावच्या नकुशांना आपापलं नवं नाव निवडायला सांगितलं. तिने केतकी निवडलं. केतकीचं फूल तिने कधी पाहिलं नव्हतं. ते नाव म्हणताना जीभ दातांना एकदाच हलकेच शिवून परत येते, एवढ्याचसाठी तिला ते आवडलं. दाखला मिळाला, पेढा मिळाला. गावाने मात्र तिच्या लग्नापर्यंत जुनंच नाव चालवलं. विहिरीवर, बांधावर, एसटीच्या थांब्यावर. लग्न होऊन ती भोसरीला आली तेव्हा तिने ते नाव माहेरीच ठेवलं. दत्ताला, तिच्या नवऱ्याला, ते कधी कळलं नाही. पोर्टलवरच्या अर्जात एक रकाना होता: 'तुम्हाला आणखी कोणत्या नावाने ओळखले जात असे काय?' तिथे तिने लिहिलं होतं, नाही.

*

"चौदा?" दत्ता म्हणाला. तो मार्शबीतच बस चालवायचा, नुकताच घरी आला होता, अंगात अजून बसवाल्यांचं जाकीट. "शाळेत तरी एवढे कमी पडले होते का गं तुला?"

"थट्टा करू नका. यंत्र बिघडलं असेल."

"बिघडलंच असणार. माझी परीक्षा 'अहो'वर घेतली तर शंभर पडतील. तू अहो म्हटलंस की बसचा ब्रेक लागतो." तो हसला, मग गंभीर झाला. "आपण सराव करू. पुढच्या सोमवारपर्यंत दिवसाला शंभरदा हाक मारतो."

आणि मारली. स्वयंपाकघरातून, जिन्यातून, बाथरूमच्या दाराआडून. केतकी, चहा. केतकी, मीठ कुठाय. केतकी, काही नाही, नुसतंच. त्यांची मुलगी सई हीसुद्धा खेळात उतरली. दप्तर काढताना म्हणायची, "केतकीबाई, आज डब्यात काय होतं ते ओळखा." तिघंही हसत होती. केतकीला मात्र घरात बसवत नव्हतं. ती उगीच खिडक्या उघडायची, उगीच लावायची. नाव ऐकून ऐकून त्यातला अर्थ उडून गेला. के, त, की. जिन्यावरून तीन खडे गडगडत यावेत तसं.

दुसऱ्या परीक्षेला लॉरेनने नियमांचं पुस्तक धुंडाळून एक सवलत काढली होती. यंत्राच्या आवाजाऐवजी ओळखीचा आवाज चालेल. दत्ताने बाराच्या बारा नावं स्वतःच्या आवाजात भरून पाठवली. आदल्या वेळचीच नावं. ती म्हणताना त्याला काही वेगळं वाटलं नव्हतं.

केतकी, नऊ. नकुशा, त्र्याण्णव.

"इथे लिहिलंय, सराव करू नये," लॉरेन हळूच म्हणाली. "तीच हाक पुन्हा पुन्हा ऐकली की शरीर तिला ओळखेनासं होतं. मी आधी वाचायला हवं होतं. सॉरी, केतकी." तिने पुस्तक मिटलं. "तू गेलीस तर डॉटला कोण उठवणार, मला कळत नाही. पण मी खोटं हिरवं करू शकत नाही. तसा रकानाच नाही."

*

या वेळी निकालाचं पत्र दत्ताच्या फोनवरही गेलं, कारण दुसऱ्यांदा पिवळा आला होता आणि त्याचा परवाना तिच्याखाली होता. ती घरी आली तेव्हा तो पायरीवर बसला होता. फोन उताणा बाजूला.

"सई शेजारी खेळतेय," तो म्हणाला. "बस."

ती बसली नाही.

"सतरा वर्षं झाली," तो म्हणाला. "सतरा वर्षं मी केतकी म्हणतोय आणि तू येतेस. आणि आतून फक्त नऊ गुण येतात. नकुशा म्हणून मी एकदाच म्हटलं, तेही वाचून, तर त्र्याण्णव. कोण आहे ती?"

"मीच."

तिने सांगितलं. उभ्याउभ्याच, धुतलेले कपडे पटापट घड्या घालावेत तसं. दोन मुलींची पाठ, हजेरीतला तीन नंबर, मांडव, पेढा, अर्जातलं 'नाही'. समुद्राचा वारा तिचं अर्धं बोलणं पळवत होता, म्हणून तिला काही वाक्यं दोनदा म्हणावी लागली. नाव मात्र तिने एकदाच उच्चारलं.

दत्ताने बुटाची सुटलेली नाडी बांधली. "मला वाईट त्या नावाचं वाटत नाही," तो म्हणाला. "माझ्या आत्याचं नाव धोंडाबाई. पण आता हाक मारताना मला तो आकडा दिसणार. नऊ."

"मला तरी कुठं माहीत होतं?"

"ते बाकी खरं," तो म्हणाला, आणि उठून सईला आणायला गेला. जाताना त्याने "येतो गं" म्हटलं. नाव घेतलं नाही. त्या संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तो तिला 'ए', 'अगं', 'ऐक ना' म्हणू लागला. घरात तिचं कुठलंच नाव उरलं नाही.

*

एक वाट अजून उघडी होती. जुनं नाव जाहीर करायचं, दोन्ही नावं जोडणारा कागद द्यायचा, आणि तिसऱ्या परीक्षेत ते नाव पासपोर्टवर नोंदलेल्या आईच्या किंवा वडिलांच्या आवाजात वाजवायचं. आईच्या हाकेला उठणारी लाट इतकी वेगळी असते की यंत्र ती ओळखायला कधी चुकत नाही, असं पत्रात लिहिलं होतं. वडील गेले होते. उरली आई, तानूबाई.

"दाखला हाय की," आई फोनवर म्हणाली. "पत्र्याच्या पेटीत, तुझ्या दुधाच्या दाताशेजारी. थोरलीला फोटो काढून धाडाय लावते."

"आणि आई, तुला माझं ते नाव म्हणावं लागेल. रेकॉर्ड करून पाठवायचं. एकदाच."

पलीकडे आईने फोन दुसऱ्या कानाला लावला. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"न्हाई म्हणायची मी," आई म्हणाली. "साहेबाम्होरं हात वर करून सांगितलंय, ह्या तोंडातून ते नाव पुन्यांदा निघायचं न्हाई. तवापास्नं तुला बाय म्हणते. केतकी म्हणाया जीभ वळत न्हाई, आन् ते म्हणाया लाज वाटती."

"आई, सईची शाळा आहे इथं. यांची नोकरी आहे. शपथ मोडली म्हणून साहेब काही येत नाही आता."

"साहेबाचं न्हवं गं. मला माझंच त्वांड दिसतं त्यात."

केतकी चिडली. "मग ठेवायचं कशाला होतं?" सगळा जन्म न विचारलेला प्रश्न तिच्या तोंडून कोंबड्यांच्या आवाजात पडला. "तूच ठेवलंस ना?"

"तुझ्या आजीनं ठिवलं. मी बाळंतीण. मला कोण इचारतंय." आईने नाक ओढलं. "रडू नकू, बाय. बघते मी. रडू नकू."

चार दिवस काही आलं नाही. दाखल्याचा फोटो आला, थोरल्या बहिणीकडून: दोन नावं, मध्ये बाण, खाली गोल शिक्का. आवाज नाही. केतकी कामावर फोन खिशात न ठेवता हातात ठेवू लागली. मिसेस हेलच्या केसांतून कंगवा फिरवताना तिचा हात मध्येच थांबायचा आणि म्हातारी म्हणायची, "पुढे."

सोमवारी सकाळी, बस स्टॉपवर उभी असताना, आईचं रेकॉर्डिंग आलं. चाळीस सेकंदांचं. तिने ते ऐकलं नाही. पुन्हा पुन्हा ऐकलेली हाक बोथट होते, हे ती आता शिकली होती. न उघडताच तिने ते पोर्टलवर चढवलं.

*

लॉरेनने दार लावून घेतलं. कुंडी सरकवली. काळा ठिपका.

"या वेळी नावांची यादी नाही," ती म्हणाली. "फक्त तुझी आई."

आधी खरखर. मग पाट सरकवल्यासारखा आवाज. मग आईचा घसा, आधी बोलायला गेलेला आणि जमलं नाही म्हणून गाण्याकडे वळलेला. तिला नुसतं नाव म्हणवलं नव्हतं. तिने ते ओवीत गुंडाळून आणलं होतं.

*जन म्हणत्याती नकुशी, म्या म्हणते जाऊ नकू*
*दाराच्या गं कपाळाला तूच हळद, तूच कुकू*

मग गाणं थांबलं आणि आई बोलली, कुणाला तरी मांडीवर घेऊन बोलावं तशी. "सा म्हयन्याची हुतीस. छाती भरली हुती. डाक्टर म्हणाला, न्हाई ऱ्हायची. तवा तीन दिस हेच म्हणत बसले. लोकं नकुशा म्हणायची. मी नुसतं नकू म्हणायची. जाऊ नकू. एवढंच म्हणत हुते मी, बाय." थोडी खरखर. आणि मग अगदी साधेपणाने, चुलीपाशी बोलवावं तशी हाक: "नकू."

"ओ," केतकी म्हणाली.

बोलायचं नव्हतं. पण ते तिच्या आधीच बाहेर पडलं होतं.

पडदा हिरवा झाला. आकडा अठ्ठ्याण्णव होता, पण तिला तो पाण्यातून बघितल्यासारखा दिसत होता. लॉरेनने टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि एक काढून स्वतःच्या नाकाला लावला. तिला गाण्यातलं अक्षर कळलं नव्हतं.

"एक शेवटचा रकाना आहे," ती थोड्या वेळाने म्हणाली. "जुन्या नावाचा अर्थ. यंत्राने आपणच भरलाय, मला नुसतं खात्री कर म्हणतंय. आणि मला विचारायला बरं वाटत नाही." तिने पडदा वळवला. "इथे 'नको असलेली' आलंय. बरोबर आहे का?"

केतकीने त्या शब्दांकडे बघितलं. सगळा जन्म ती त्यांच्यापुढे पळत आली होती. इतक्या लांब येऊन ते तिच्या आधीच खुर्ची धरून बसले होते.

"अर्धं आहे," ती म्हणाली. "पुढे लिही. आईच्या बोलीत, जाऊ नको."

लॉरेनने दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, टाईप केलं.

*

बाहेर गाड्या लावायच्या मोकळ्या जागेत दत्ता उभा होता. सुट्टी काढून आला होता आणि ते लपवायला उगीच एका गाडीच्या टायरकडे बघत होता. तिला पाहून त्याने हात खिशातून काढले.

"काय झालं?"

"हिरवा."

त्याने श्वास सोडला. मग तो तिच्याकडे बघत राहिला. बोलायला तोंड उघडलं, मिटलं. कुठल्या नावाने बोलवावं हे त्याला सुचेना, हे तिला दहा पावलांवरून दिसलं.

"आता..." तो म्हणाला. "म्हणजे मी काय म्हणू तुला? तुझ्या आईसारखं म्हणू का? त्र्याण्णव पडतात त्याला."

"नको." तिने मान हलवली. "ते आईचं आहे. ते ऐकलं की मी आपोआप वळते, मला विचारतसुद्धा नाही कुणी. दुसरं मी निवडलंय. आठ वर्षांची होते, मांडवात उभी राहून निवडलंय."

"पण त्याला तू आतून ओ देत नाहीस."

"देते की. जरा वेळ लागतो."

वाऱ्याने तिची ओढणी गाडीच्या आरशाला जाऊन अडकली. ती सोडवायला ती वळली, आणि तेवढ्यात, पाठीमागून, खूप दिवसांनी, थोडं घाबरत त्याने हाक मारली.

"केतकी."

मान झटकन वळली नाही. बाहुली रुंदावली नसेल, गालाखालचं रक्तही आपलं शांत वाहत असेल. तिने ती हाक ऐकली. कुणाची आहे, कशासाठी आहे, याचा विचार केला. ओढणीचं टोक सोडवून खांद्यावर नीट घेतलं. मग तीनशे मिलिसेकंदांपेक्षा पुष्कळ उशिरा, सावकाश वळून, त्याच्याकडे बघत तिने ओ दिली.